सौरज्वालांतले हार्ड एक्स-रे आणि त्यामागचे इलेक्ट्रॉन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात महिन्यातून एका रविवारी आम्ही काही जण लॅपटॉप घेऊन बसतो आणि सौरज्वालांचे वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले याचे आलेख, उघडतो. कळवा, ऐरोली, वाशी, पनवेलहून बीएस्सी-एमएस्सीची मुलं येतात, दोन-तीन शिक्षक येतात, एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञही येतात. प्रश्न मात्र महिनाभर मोबाइलवर येत राहतात, आणि बरेचसे तेच ते असतात. म्हणून हे पान. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, शेवटचे ज्यांनी स्वतः आकडे बसवून पाहिलेत त्यांचे. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून उत्तरांत दुसऱ्या प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. सौरज्वाला म्हणजे काय, आणि तिचा एक्स-रेशी संबंध काय?

सूर्याच्या बाहेरच्या विरळ वातावरणात, म्हणजे करोनात, चुंबकीय क्षेत्राला पीळ बसत जातो आणि ऊर्जा साठत जाते. क्षेत्ररेषा तुटून नव्या पद्धतीनं जोडल्या गेल्या की ती ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते. तिच्यातला बराच मोठा वाटा इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देण्यात खर्च होतो. हे इलेक्ट्रॉन चुंबकीय कमानींच्या दोन्ही पायांवरून खाली धावतात, दाट थरात घुसतात आणि तिथे थांबता थांबता एक्स-रे देतात.

ज्वाला पहिल्यांदा पाहिली ती रिचर्ड कॅरिंग्टन आणि रिचर्ड हॉजसन यांनी, १ सप्टेंबर १८५९ रोजी, साध्या पांढऱ्या प्रकाशात. तिच्यातून उच्च ऊर्जेचे किरणही येतात हे कळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. मार्च १९५८ मध्ये पीटरसन आणि विंकलर यांनी क्युबावरून बलून सोडला होता आणि त्यावरच्या उपकरणानं नेमका एका ज्वालेचा स्फोट टिपला.

२. ठाण्याच्या गच्चीवरून यातलं काही दिसेल का?

हार्ड, म्हणजे जास्त ऊर्जेचे, एक्स-रे दिसणार नाहीत. ते वातावरणात वरच शोषले जातात, म्हणून त्यांच्यासाठी बलून किंवा उपग्रहच लागतो. दुर्बिणीनं सूर्याकडे थेट पाहायचं नाही, हे दर वेळी सांगते, इथेही सांगते.

ज्वालेचा परिणाम मात्र घरबसल्या मोजता येतो. तिचे सॉफ्ट, म्हणजे कमी ऊर्जेचे, एक्स-रे आयनांबराचा सर्वांत खालचा थर अचानक दाट करतात आणि त्या थरावरून परतणाऱ्या अतिनीच कंपनांच्या रेडिओ लहरींची तीव्रता झटक्यात बदलते. तमिळनाडूत विजयनारायणम इथे नौदलाचं जे प्रक्षेपण केंद्र आहे, त्याचा १८.२ किलोहर्ट्झचा संदेश तारेचं वेटोळं आणि संगणकाचं साउंड कार्ड वापरून पकडता येतो. अट एकच, आजूबाजूला एलईडी दिव्यांचा आणि लिफ्टच्या मोटरींचा गोंगाट कमी हवा. येऊरच्या बाजूला तो बराच कमी असतो.

आपल्या भागाचं या विषयाशी जुनं नातं आहे. कॅरिंग्टनच्या ज्वालेनंतर साधारण १७-१८ तासांनी आलेलं चुंबकीय वादळ कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदलं गेलं. त्या काळच्या नोंदींमध्ये ती आजही फार मोलाची मानली जाते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मापनं १९०४ मध्ये अलिबागला हलवली. ती परंपरा चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय नवीन पनवेलला आहे.

३. केईव्ही म्हणजे किती? सॉफ्ट कुठे संपतो आणि हार्ड कुठे सुरू होतो?

एक हजार व्होल्टच्या फरकातून गेलेल्या इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा मिळते ती १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे १ केईव्ही. तापमानाच्या भाषेत सांगायचं तर सुमारे १ कोटी १६ लाख केल्विन. ज्वालेतला तप्त वायू १ ते ३ कोटी केल्विनचा असतो, म्हणजे १ ते अडीच केईव्हीचा.

सॉफ्ट आणि हार्ड यांच्यामध्ये ठरलेली रेघ नाही. १०-२० केईव्हीच्या खाली बहुतेक प्रकाश तप्त वायूचा असतो, वर बहुतेक वेगवान इलेक्ट्रॉनांचा. मधला पट्टा दोघांचा. सगळी डोकेदुखी त्या मधल्या पट्ट्यात आहे (प्रश्न ८).

४. इलेक्ट्रॉन थांबताना एक्स-रे कसे देतो? दवाखान्यातल्या मशिनसारखंच का?

तत्त्व अगदी तेच. वेगवान इलेक्ट्रॉन धनभारित केंद्रकाजवळून जाताना वळतो, त्याची काही ऊर्जा फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशाच्या कणाच्या, रूपात बाहेर पडते. याला गतिरोध प्रारण म्हणतात, जर्मन नाव ब्रेम्सस्ट्रालुंग. आमच्या गटातल्या तंत्रज्ञकाकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ‘आमच्या ट्यूबमध्ये टंगस्टन असतं, सूर्यात काय?’ प्रश्न नेमका होता. सूर्यात लक्ष्य आहे मुख्यतः हायड्रोजन. टंगस्टनच्या केंद्रकावर ७४ भार असतात, हायड्रोजनवर एक. किरणं निर्माण होण्याचं प्रमाण या भारावर आणि इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेवर अवलंबून असतं. म्हणून १०० किलोव्होल्टच्या ट्यूबमध्ये जवळपास १ टक्का ऊर्जा एक्स-रेंत जाते, तर ज्वालेत साधारण एक लाखात एक भाग. बाकी सगळी वाटेतल्या इलेक्ट्रॉनांशी होणाऱ्या धडकांत उष्णता बनून जाते.

ही एक-लाखांशाची गोष्ट पुढच्या प्रत्येक उत्तरामागे आहे. आपल्याला दिसणाऱ्या एक्स-रेमागे त्यांच्या लाखपट ऊर्जा इलेक्ट्रॉनांत होती. त्यामुळे गृहीतकातली छोटी चूक उत्तरात अवाढव्य होते.

५. ‘थिक टार्गेट’ आणि ‘थिन टार्गेट’ असं का म्हणतात? जाडी कशाची?

जाडी म्हणजे इलेक्ट्रॉनच्या वाटेत आलेल्या पदार्थाचं प्रमाण: वाटेची लांबी गुणिले घनता. इलेक्ट्रॉन सगळी ऊर्जा गमावून पूर्ण थांबला तर लक्ष्य थिक, थोडीशी गमावून पार निघून गेला तर थिन. रात्री दोनला पाम बीच रोडवरून गाडी काढली तर वेग जवळपास तसाच राहतो, ती करोना. संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पुलावर शिरलात तर धक्के खात जागीच थांबता, ते क्रोमोस्फिअर, म्हणजे करोनाच्या खालचा दाट थर.

आकड्यात सांगायचं तर इलेक्ट्रॉनला थांबवायला लागणारी जाडी त्याच्या ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ऊर्जा दुप्पट तर जाडी चौपट. कमानीच्या अर्ध्या भागाची लांबी १०,००० किलोमीटर आणि घनता दर घन सेंटीमीटरला १० अब्ज कण धरली, तर करोनातल्या करोनात फक्त ७ केईव्हीपर्यंतचे इलेक्ट्रॉन थांबतात. २० केईव्हीचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या २७ टक्के वेगानं धावत ती कमान दशांश सेकंदात पार करतो आणि खाली जाऊन आपटतो. म्हणून हार्ड एक्स-रे बहुतेक वेळा कमानीच्या पायांशी, दोन ठिपक्यांत दिसतात. उलट उदाहरण प्रश्न १२ मध्ये आहे.

६. गॅमा आणि डेल्टा यांच्यात किती फरक ठेवायचा? एका ठिकाणी एक, दुसरीकडे दोन सापडतो.

गोंधळ साहजिक आहे, कारण ‘इलेक्ट्रॉनांचा वर्णपट’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात.

फोटॉनांचा वर्णपट ऊर्जेबरोबर घातनियमानं उतरतो, म्हणजे संख्या ऊर्जेच्या एका ठरावीक घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्याचा घातांक गॅमा. वरून सोडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहाचा घातांक डेल्टा. थिक टार्गेटमध्ये गॅमा म्हणजे डेल्टा वजा १, थिनमध्ये गॅमा म्हणजे डेल्टा अधिक १. समजा वर्णपटातून गॅमा ४ निघाला. थिक धरलंत तर डेल्टा ५, थिन धरलंत तर ३. निरीक्षण एकच, आणि इलेक्ट्रॉनांबद्दलची दोन पूर्ण निराळी विधानं.

तिसरी राशी म्हणजे उगमातल्या इलेक्ट्रॉनांचा सरासरी प्रवाह, म्हणजे सोडलेले नव्हेत, तर थांबण्याच्या वाटेवर असलेल्या सगळ्यांची सरासरी. थिक टार्गेटमध्ये कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन लवकर संपतात, त्यामुळे या सरासरीचा घातांक डेल्टा वजा २ होतो. शोधनिबंधात ‘डेल्टा’ दिसला की आधी तो कोणत्या प्रवाहाचा आहे ते शोधा, मगच तुलना करा.

७. एक्स-रे मोजले, भौतिकी माहीत आहे. मग उलटं गणित करून थेट इलेक्ट्रॉन का काढत नाही?

काढता येतात. ग्लासगोच्या जॉन ब्राऊन यांनी १९७१ मध्ये ते कागदावर करून दाखवलं आणि आजचं थिक टार्गेट प्रतिमान त्याच कामावर उभं आहे. अडचण गणितात नाही, ती मोजमापात आहे.

जांभळी नाक्यावर भाजीवाल्याच्या गल्ल्यात वीसची नोट आहे. देणाऱ्याच्या खिशात पन्नास होते की पाचशे, हे ती नोट सांगत नाही. २० केईव्हीचा फोटॉनही तसाच: तो २१ च्या इलेक्ट्रॉनचा असेल किंवा २०० च्या. इलेक्ट्रॉनांच्या वर्णपटातले बारकावे, एखादा खड्डा, एखादी टोकदार कडा, फोटॉनांपर्यंत येता येता गुळगुळीत होऊन जातात. उलटं जाताना तोच गुळगुळीतपणा उलगडावा लागतो आणि मोजणीतला दोन-तीन टक्क्यांचा गोंधळ इलेक्ट्रॉनांच्या वर्णपटात डोंगर-दऱ्या उभ्या करतो.

यावर दोन वाटा आहेत. एक, आधी इलेक्ट्रॉनांचा आकार धरायचा, त्यातून एक्स-रे काढायचे आणि निरीक्षणाशी जुळवायचे. ही रोजची पद्धत, आम्हीही हीच वापरतो. दुसरी, उलटं गणित करायचं, पण ‘उत्तर फार खडबडीत नको’ अशी अट घालून. तिला नियमितीकरण म्हणतात. दुसरी वाट आकार आधी धरत नाही, पण किती गुळगुळीत हवं हे आपणच ठरवतो. निवड दोन्हीकडे करावी लागते, आणि ती लपवायची नाही.

८. ‘लो-एनर्जी कटऑफ’ एवढा महत्त्वाचा का? सॉफ्टवेअर २० देतं, मी २० लिहिते. चुकलं काय?

या एका प्रश्नासाठीच हे पान लिहावंसं वाटलं.

घातनियम खाली खाली नेला तर इलेक्ट्रॉनांची संख्या वाढतच जाते, शून्याकडे नेल्यास अनंत होते. म्हणून कुठेतरी थांबावं लागतं, ती ऊर्जा म्हणजे कटऑफ. गंमत अशी की बहुतेक सगळे इलेक्ट्रॉन आणि बहुतेक सगळी ऊर्जा याच खालच्या टोकाला असते. डेल्टा ५ असेल तर कटऑफ २० वरून १० वर आणल्यावर इलेक्ट्रॉनांची संख्या १६ पट आणि ऊर्जा ८ पट होते. डेल्टा ७ असेल तर ऊर्जा ३२ पट.

गेल्या पावसाळ्यात ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीनं एम श्रेणीच्या (प्रश्न १३) ज्वालेचा वर्णपट बसवला. कटऑफ २० धरला, रेषा सुंदर बसली. मग तिनं १० धरून पाहिला. तप्त वायूचं तापमान आणि प्रमाण थोडं सरकलं आणि रेषा तितकीच सुंदर बसली. ऊर्जा मात्र आठपट. ‘मॅडम, मग खरं उत्तर कोणतं?’ तिनं विचारलं. त्या दिवशी आम्ही पुढचं काहीच केलं नाही, दोन तास यावरच बोलत बसलो.

कारण असं. कटऑफच्या खाली फोटॉन संपत नाहीत, कारण वरच्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन कमी ऊर्जेचे फोटॉनही देतात (प्रश्न ७ मधली वीसची नोट). वर्णपट तिथे नुसता सपाट होतो. आणि नेमक्या त्याच जागी तप्त वायूचा झगझगाट चालू असतो, त्यात तो सपाटपणा बुडून जातो. म्हणजे कटऑफ २० आहे असं आपल्याला दिसत नाही. २० पेक्षा वर नसावा, एवढंच दिसतं. सॉफ्टवेअरनं दिलेला आकडा बहुतेक वेळा वरची मर्यादा असतो आणि त्यातून काढलेली ऊर्जा किमान ऊर्जा. चूक २० लिहिण्यात नाही. ‘कटऑफ २०’ असं लिहिण्यात आहे. ‘कटऑफ जास्तीत जास्त २०, ऊर्जा निदान इतकी’ असं लिहा.

खालची बाजूही बांधायचा एक चांगला मार्ग २०१५ मध्ये कोंटार आणि सहकाऱ्यांनी दाखवला. नेहमीच्या हिशोबात लक्ष्य थंड धरतात, इलेक्ट्रॉन शून्यापर्यंत थांबतो. प्रत्यक्षात करोनातलं लक्ष्य स्वतःच दोन कोटी केल्विनचं असू शकतं. तिथे मंदावलेला इलेक्ट्रॉन शून्यावर येत नाही, आजूबाजूच्या तप्त इलेक्ट्रॉनांत मिसळून जातो आणि तप्त वायूसारखाच प्रकाश देत राहतो. कटऑफ फार खाली धरला तर असे मिसळलेले इलेक्ट्रॉन इतके होतात की निरीक्षणापेक्षा जास्त प्रकाश यायला लागतो. याला ‘वॉर्म टार्गेट’ म्हणतात. मात्र त्यासाठी कमानीची घनता, तापमान आणि लांबी वेगळ्या निरीक्षणांतून माहीत हवी.

९. तप्त वायूचा भाग एकाच तापमानाचा धरला तर चालतं का?

सुरुवातीला चालतं. कमानीत मात्र अनेक तापमानं एकत्र असतात आणि एखादा अतितप्त अंश १५-२५ केईव्हीपर्यंत शेपूट लांबवतो. ते शेपूट वेगवान इलेक्ट्रॉनांचं समजलं गेलं की प्रश्न ८ मधली चूक आणखी फुगते. आदित्य-एल१ वरचं सोलेक्स २ ते २२ केईव्ही मोजतं, चांद्रयान-२ वरचं एक्सएसएम १ ते १५. हा खालचा पट्टा हाताशी असेल तर तापमान आधी तिथून बांधून घ्या.

१०. सेकंदाला एवढे इलेक्ट्रॉन येतात कुठून? करोना रिकामा होत नाही?

मोठ्या ज्वालेत हिशोब येतो सेकंदाला १० चा ३६वा घात इतक्या इलेक्ट्रॉनांचा. आता १०,००० किलोमीटर बाजूचा घन घ्या, त्यात प्रश्न ५ मधली घनता भरा. आत एकूण इलेक्ट्रॉन १० चा ३७वा घात. म्हणजे सगळा साठा दहा सेकंदांत संपायला हवा, आणि ज्वाला तर कित्येक मिनिटं चालते. मासुंदा तलावावर असा पंप लावलाय की दहा सेकंदांत तळ दिसावा, आणि तरी तलावपाळीवर उभं राहून पाहावं तर पाणी काठोकाठ, अशी ही स्थिती.

दुसरी अडचण विद्युतप्रवाहाची. इतके इलेक्ट्रॉन एकाच दिशेनं गेले तर प्रवाह १० च्या १७व्या घाताहून जास्त अँपिअर होतो आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र मूळ कमानीलाच गिळेल.

दोन्हींवर मान्य असलेलं उत्तर म्हणजे परतीचा प्रवाह. वेगवान इलेक्ट्रॉन खाली गेले की निर्माण होणारं विद्युतक्षेत्र भोवतालच्या संथ इलेक्ट्रॉनांना वर खेचतं. तलावातून उपसलेलं पाणी खालून परत येतं. प्रवाह जवळपास रद्द होतो, साठाही भरत राहतो. फुकट मात्र नाही: ते विद्युतक्षेत्र खाली जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांनाही ओढून धरतं आणि वर्णपटावर खूण सोडतं (प्रश्न ११). वर आलेल्या इलेक्ट्रॉनांना पुन्हा वेग कसा मिळतो यावर मतभेद आहेत. माझ्या मते कटऑफची अनिश्चितता लक्षात न घेता या संख्येवर वाद घालणं घाईचं आहे, कारण कटऑफ जरा सरकवला की संख्या कितीतरी पटींनी बदलते.

११. माझा वर्णपट मध्येच वाकतो. एकाऐवजी दोन घातनियम बसवले की जमतं. म्हणजे इलेक्ट्रॉनांतच दोन गट आहेत ना?

असतीलही. तो निष्कर्ष मात्र सर्वांत शेवटी. आधी चार गोष्टी तपासायच्या, आणि मी सांगते त्याच क्रमानं, कारण पहिल्या दोन सूर्यातल्या इलेक्ट्रॉनांबद्दल काहीच सांगत नाहीत.

पहिली, फोटॉनांची गर्दी. डिटेक्टरमध्ये १५-१५ केईव्हीचे दोन फोटॉन एकाच क्षणी शिरले तर उपकरण ३० चा एक मोजतं. मोठ्या ज्वालेच्या शिखरावर असा खोटा उंचवटा, जिथे मोजणी सर्वाधिक असते त्याच्या दुप्पट ऊर्जेला दिसतो. मोजणी ओसरल्यावर तो गायब झाला तर संशय पक्का.

दुसरी, परावर्तन. खाली गेलेले एक्स-रे फोटोस्फिअरमधल्या, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागातल्या, इलेक्ट्रॉनांवर आपटून परत आपल्याकडे येतात. कमी ऊर्जेचे तिथेच शोषले जातात, फार जास्त ऊर्जेचे खोल जाऊन क्षीण होतात. साधारण ३० ते ५० केईव्हीच्या पट्ट्यात ही भर सर्वांत ठळक असते. ज्वाला सूर्यबिंबाच्या मध्यावर असेल तर परिणाम मोठा, कडेला असेल तर कमी. पूर्वी काही ज्वालांच्या इलेक्ट्रॉन-वर्णपटात २० केईव्हीच्या आसपास खड्डे दिसले होते, परावर्तनाची दुरुस्ती केल्यावर ते बुजले. ही दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये तयार असते, ज्वालेचं बिंबावरचं स्थान मात्र तुम्हालाच द्यावं लागतं. आमच्याकडे निम्म्या वेळा तेच भरायचं राहून जातं.

तिसरी, लक्ष्याचं आयनीभवन. वर सगळं हायड्रोजन आयनित, खाली क्रोमोस्फिअरच्या तळाशी उदासीन. उदासीन वायूत इलेक्ट्रॉनची ऊर्जा जवळपास तिपटीनं कमी घटते, म्हणजे तिथपर्यंत पोचणारे जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन अधिक एक्स-रे देतात. सीमेजवळ वर्णपट हलकेच वाकतो.

चौथी, परतीच्या प्रवाहाचं विद्युतक्षेत्र. ते सगळ्यांची जवळपास सारखीच ऊर्जा कापतं, पण २० केईव्हीवाल्याला ५-१० गमावणं जेवढं जड जातं तेवढं १०० वाल्याला जात नाही. म्हणून खालचा भाग सपाट होतो.

एवढं करूनही वाक उरला, तर मग त्वरणाच्या यंत्रणेबद्दल बोलायला जागा आहे.

१२. एक्स-रेचा उगम कमानीच्या पायांऐवजी माथ्यावर दिसला तर?

तीन शक्यता. कमान इतकी दाट असेल की इलेक्ट्रॉन वरच थांबतात: प्रश्न ५ मधली घनता दहापट करा, २०-२३ केईव्हीपर्यंतचे करोनातच संपतात. अशा वेळी पायांशी फारसं काही दिसत नाही आणि करोनाच थिक टार्गेट बनतो. दुसरी शक्यता, पाय सूर्याच्या कडेमागे लपलेत आणि एरवी त्यांच्या तेजात न दिसणारा मंद माथा उघडा पडलाय. हा योग अभ्यासाला फार चांगला.

तिसरी सर्वांत रोचक. १३ जानेवारी १९९२ च्या ज्वालेत जपानच्या योहको उपग्रहाला हार्ड एक्स-रेचा उगम तप्त कमानीच्याही वर दिसला. मासुदा आणि सहकाऱ्यांनी तो १९९४ मध्ये मांडला. तिथे वायू विरळ, म्हणजे थांबवायला काही नाही, तरी प्रकाश येतो. ऊर्जा मोकळी होण्याची जागा कमानीच्या वर असते, याला त्यातून मोठं बळ मिळालं. इलेक्ट्रॉन तिथे अडकून राहतात की सतत नवे येतात, यानुसार प्रतिमान बदलतं. इथे डोळे मिटून थिक टार्गेट वापरू नका.

१३. एक्स श्रेणीची ज्वाला, पण हार्ड एक्स-रे अगदीच कमी. डेटा खराब आहे का?

बहुधा नाही. ए, बी, सी, एम, एक्स ही श्रेणी सॉफ्ट एक्स-रेवरून, १ ते ८ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या पट्ट्यातल्या शिखरावरून ठरते. एक्स-१ म्हणजे चौरस मीटरला वॅटचा दहाहजारावा भाग. ती श्रेणी तप्त वायू किती जमला ते सांगते, इलेक्ट्रॉन किती धावले ते नाही.

दोघांचा संबंध न्यूपर्ट यांनी १९६८ मध्ये दाखवला: सॉफ्ट एक्स-रे वाढण्याचा दर वेगवान इलेक्ट्रॉनांच्या स्फोटासारखा दिसतो. इलेक्ट्रॉन क्रोमोस्फिअर तापवतात, तिथला वायू उसळून कमानीत भरतो, कमान सॉफ्ट एक्स-रेंत उजळते. पण हा नियम सगळ्या ज्वाला पाळत नाहीत. ऊर्जा थेट तापवण्यात किंवा उष्णतावहनातून गेली तर हार्ड एक्स-रे थोडेच येतात आणि तरी श्रेणी वरची मिळते.

१४. डेटा कुठून घ्यायचा? भारतीय उपकरण आहे का?

आहे. आदित्य-एल१ (२ सप्टेंबर २०२३ ला उड्डाण, ६ जानेवारी २०२४ ला एल१ भोवतीच्या कक्षेत) वरचं हेलिओस हे उपकरण ८ ते १५० केईव्ही मोजतं. ते सूर्यबिंबाचा एकत्रित वर्णपट देतं, चित्र देत नाही. डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नाव नोंदवून मिळतो. याआधी २००३ मध्ये जीसॅट-२ वरून अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या सॉक्स उपकरणानं ५६ केईव्हीपर्यंत निरीक्षणं घेतली होती.

शिकायला मात्र रेसी उपग्रहापासून सुरुवात करा. २००२ ते २०१८ इतका काळ, थंड केलेले नऊ जर्मेनियम डिटेक्टर, आणि जवळपास प्रत्येक चुकीवर कोणीतरी आधी लिहून ठेवलेलं. सध्या सोलर ऑर्बिटरवरचं स्टिक्स ४ ते १५० केईव्हीमध्ये चित्र आणि वर्णपट दोन्ही देतं.

१५. साध्या लॅपटॉपवर जमेल का?

जमेल. पायथन, सनपाय आणि वर्णपट बसवणारं सनएक्सस्पेक्स पुरेसं आहे. जुन्या निबंधांत याच कामाचं ओस्पेक्स हे सॉफ्टवेअर दिसेल. एक चूक सगळेच करतात: मोजलेले काउंट्स, म्हणजे डिटेक्टरमधल्या नोंदी, क्षेत्रफळानं भागून त्यालाच फोटॉन-वर्णपट समजतात. ५० केईव्हीचा फोटॉन डिटेक्टरमध्ये ५० म्हणूनच नोंदला जाईल याची खात्री नसते. म्हणून प्रतिमान उपकरणाच्या प्रतिसाद-सारणीतून काउंट्सपर्यंत न्यायचं आणि तुलना तिथे करायची. आणि पार्श्वभूमी ज्वालेच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही पाहायची.

१६. एकच ज्वाला हेलिओस आणि स्टिक्सनं पाहिली. वेळही जुळत नाही, घातांकही नाही. कोण चुकतंय?

वेळ आधी सोडवू. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत प्रकाशाला ४९९ सेकंद लागतात. सोलर ऑर्बिटर त्याच्या लंबवर्तुळात सूर्याच्या जवळ, पृथ्वीच्या अंतराच्या तीनदशांशापर्यंत येतो. तिथे प्रकाश १५० सेकंदांत पोचतो, म्हणजे आपल्याकडे तीच ज्वाला जवळपास सहा मिनिटं उशिरा दिसते. दोन्ही वेळा सूर्यावरच्या वेळेत बदलून घ्या. तीव्रताही अंतराच्या वर्गानं दुरुस्त करा, नाहीतर तिथली ज्वाला अकरापट मोठी वाटेल.

यानंतरही घातांकात फरक उरला तर पुढचं पाहायचं. दोन्ही यानं वेगवेगळ्या कोनातून पाहतायत, तर परावर्तनाचा वाटा दोघांसाठी वेगळा (प्रश्न ११). एका बाजूनं कमानीचा एक पाय कडेमागे असू शकतो (प्रश्न १२), मग ते यान फक्त वरचा भाग मोजतंय. शिवाय इलेक्ट्रॉनांचा झोत एका दिशेनं केंद्रित असेल तर एक्स-रेही सगळीकडे सारखे जात नाहीत, आणि ऊर्जा जितकी जास्त तितका हा फरक मोठा.

वाशीच्या एका मुलानं अशीच एक जोडी आणली होती, घातांकात ०.४ चा फरक. त्याला वाटलं, काम वाया गेलं. वेळ आणि अंतर त्यानं आधीच दुरुस्त केलं होतं. परावर्तन राहिलं होतं: ज्वाला पृथ्वीकडून बिंबाच्या मध्याजवळ होती आणि स्टिक्सकडून कडेशी. दोन्हीकडे त्या त्या कोनाची दुरुस्ती लावल्यावर फरक ०.१ वर आला, मोजमापाच्या चुकीच्या आत.